थंड हवेची शार्दोने मुंबईच्या उकाड्यात ठेवावी का?

निवांत_पारलेकर
मंडळी, व्हाइट वाईन आणावी, फ्रिजमध्ये टाकावी आणि त्याच आठवड्यात संपवावी असा आपल्याकडे सर्वसाधारण रिवाज. आमच्या पार्ल्याच्या वाईन शॉपवाल्यानेही परवा तेच ऐकवलं, "साहेब, रेड ठेवतात. व्हाइट ठेवून काय करणार?"

माझं मत उलट आहे. थंड हवेत पिकलेली शार्दोने (त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाईन), फार महागडी नसली तरी, तीन ते पाच वर्षं दिली तर बदलते आणि बहुतेक वेळा चांगल्यासाठीच बदलते. ग्रां क्रू, म्हणजे फ्रान्समधल्या सर्वोच्च दर्जाच्या मळ्यांच्या बाटल्या, वगैरेंबद्दल बोलत नाहीये. ज्यांना ते परवडतं त्यांनी वेगळा धागा काढावा, आम्ही येऊन जळून जाऊ. माझा रोख साध्या शाब्लीवर (फ्रान्सच्या बर्गंडी भागातली शार्दोने), फार तर त्यातल्या एक पायरी वरच्या प्रीमिए क्रूवर, चिलीच्या लिमारीवर, ऑस्ट्रेलियातल्या यारा व्हॅली, अ‍ॅडलेड हिल्स आणि टास्मानियावर, दक्षिण आफ्रिकेतल्या एल्गिनवर आहे. म्हणजे पाहुणे येणार नसतानाही उघडावीशी वाटेल अशी बाटली.

आता प्रश्न. असल्या मध्यम किमतीच्या बाटल्या कोणी मुद्दाम ठेवून पाहिल्यात का? दोन खोल्यांच्या घरात ठेवायच्या कुठे? आणि ताजी असताना चाखून कसं ओळखायचं की ही टिकेल आणि ही नाही?

कोकमवाला
वाचतोय. वाचनखूण साठवली.

टिवल्याबावल्या
आमच्याकडे बाटली मुरायच्या आधी पाहुणे मुरतात. त्यामुळे अनुभव शून्य.

दर्यावर्दी
चांगला विषय. मी जहाजावर असतो, त्यामुळे बंदराला लागून जे पिकतं ते चाखायला मिळतं.

"थंड हवा" म्हटलं की लोक नकाशात वर वर सरकतात. शाब्लीच्या बाबतीत ते बरोबर आहे, ती बर्गंडीच्या अगदी उत्तरेला आहे. पण लिमारी बघा. सान्तियागोच्या उत्तरेला साधारण चारशे किलोमीटर, म्हणजे विषुववृत्ताच्या आणखी जवळ, अटाकामा वाळवंटाच्या उंबरठ्यावर. तिथे गरम व्हायला हवं. होत नाही, कारण किनाऱ्याला हम्बोल्टचा गार प्रवाह लागतो आणि सकाळी समुद्रावरून धुकं आत येतं. त्याला तिथे 'कामांचाका' म्हणतात. शिवाय जमिनीत चुनखडी, जी चिलीत तशी दुर्मीळच. वाल्परायसो बंदरातून सान्तियागोला जाताना वाटेत लागणारी कासाब्लांका व्हॅली हाही तसलाच प्रकार. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पहिल्यांदा द्राक्षवेली लावल्या तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं.

अर्जेंटिनातल्या मुख्य द्राक्षप्रदेशांना समुद्र जवळ नाही, तर ते डोंगर चढतात. ऊको व्हॅलीत हजार मीटरच्या वर, काही ठिकाणी त्याहून बऱ्याच वर मळे आहेत. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा.

सांगायचं कारण असं की किमतीच्या मानाने माल पाहिजे असेल तर नकाशाच्या या कोपऱ्यांत शोधा. मार्केस दे कासा कोंचाची शार्दोने लिमारीची आहे, मोठ्या कंपनीची आहे, आणि जगभरच्या ड्यूटी फ्रीमध्ये नजरेला पडते. वासात जरा ओक (पिंपाचं लाकूड) आहे पण खाली आंबटपणा पक्का. ठेवायला मी हीच घेतो.

खडूस_गिरगावकर
सगळं थोतांड आहे. व्हाइट बर्गंडीवाल्यांनी, म्हणजे शार्दोनेच्या माहेरच्यांनी, स्वतःच त्याचा निकाल लावलाय. साधारण १९९५-९६ सालापासूनच्या भल्याभल्या घराण्यांच्या, भल्याभल्या किमतीच्या बाटल्या सात-आठ वर्षांत तपकिरी होऊन बसल्या. जिथे वीस वर्षांची हमी होती तिथे आत सफरचंदाचा शिळा रस. इंग्रजीत त्याला, म्हणजे ऑक्सिजनमुळे अकाली म्हातारं होण्याला, 'प्रीमॉक्स' असं लाडाचं नाव आहे. आता मला सांगा, फ्रान्सच्या तळघरात बारा अंशांवर ठेवलेली, महिन्याच्या पगाराची बाटली टिकली नाही, आणि तुमची पार्ल्याच्या लॉफ्टवरची टिकणार?

टिवल्याबावल्या
पॉपकॉर्न घेऊन बसलो.

रसायनी
गिरगावकरांचा मुद्दा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. जरा विस्ताराने लिहिते.

द्राक्ष पिकताना साखर चढते आणि आम्ल उतरतं. त्यातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं, उष्णतेत भराभर खर्ची पडतं. रात्री गार असल्या की टिकतं. म्हणून थंड प्रदेशातल्या शार्दोनेचा सामू (पीएच) कमी राहतो, ३.१ ते ३.३च्या आसपास. सामू कमी असला की तेवढ्याच सल्फर डायऑक्साइडचं काम जास्त होतं, आणि वाईनला ऑक्सिजनपासून आणि जंतूंपासून वाचवणारा मुख्य रखवालदार तोच. टिकण्याचं मूळ इथे आहे. ओकमध्ये नाही. बर्गंडीचं ते २२८ लिटरचं पिंप वाईनला चव आणि अंग देतं, आयुष्य फारसं वाढवत नाही. उष्ण प्रदेशातली, नव्या ओकमध्ये भिजवलेली शार्दोने दोन वर्षांत थकते आणि मग उरतो फक्त लाकडाचा भुसा.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकते. शाब्ली करकरीत लागते म्हणून तिच्यात मॅलोलॅक्टिक होत नाही असं बरेच जण समजतात. बहुतेक शाब्लीत ते होतंच. जिवाणू मॅलिक आम्लाचं दह्यातल्या लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात, त्यातून डायअसेटिल नावाचं द्रव्य निघतं आणि त्याला लोण्याचा वास असतो. पण वाईन यीस्टच्या गाळावर पडून राहिली की तो गाळ बरंचसं डायअसेटिल परत गिळतो. त्यामुळे लोणी लागलं तर ती मॅलोलॅक्टिकपेक्षा बनवणाऱ्याची मर्जी समजा.

आता प्रीमॉक्स. त्यात एकच गुन्हेगार सापडलेला नाही. बुचांची खराब प्रत, सल्फर कमी वापरायची फॅशन, गाळ सारखा ढवळणं, द्राक्षं फार हळुवार दाबणारे नवे प्रेस, अशी संशयितांची रांग आहे. त्यातलं बूच तर काढूनच टाकता येतं. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीत रिझलिंग नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाईन करणाऱ्यांनी २००० सालच्या मालाला एकत्रितपणे स्क्रू कॅप लावली, न्यूझीलंडवाल्यांनी पाठोपाठ तेच केलं. आज तिथली मध्यम किमतीची जवळपास प्रत्येक शार्दोने फिरकीच्या झाकणात येते. बुचातल्या टीसीए नावाच्या द्रव्यामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास नाही, एका बाटलीत एक आणि दुसरीत दुसरंच असंही नाही. म्हणजे ठेवण्यासाठी महाग बर्गंडीपेक्षा स्वस्त यारा जास्त भरवशाची, हे कानाला विचित्र वाटलं तरी माझं ठाम मत आहे.

खडूस_गिरगावकर
@रसायनी, प्रतिसाद आवडला. मत बदललेलं नाही. टिकते हे मान्य केलं तरी *सुधारते* कुठे?

मुक्ता_ठाणे
सुधारते की नाही ते उघडून ठरवायचं. आमचा दादरचा एक छोटा कंपू आहे, गेल्या पावसाळ्यात आम्ही मुद्दाम हेच केलं. साधीच शाब्ली, एकाच उत्पादकाची, वेगवेगळ्या सालांची. बाटल्यांवर मोजे चढवले (धुतलेले, हो!) आणि आंधळी चाखणी केली.

सगळ्यात ताजी होती तिला लिंबाची साल, हिरवं सफरचंद आणि जरा खारटसर शेवट. छान, पण एकसुरी. २०१७ची काढली तेव्हा कोणाला ती त्याच घरची वाटेना. आंबटपणा तसाच ताठ, पण वर भाजलेल्या बदामाचा वास, थोडा मध, आणि तोंडात भरीवपणा. त्यात ओकचा थेंब नसूनही दोघांनी शपथेवर ओक सांगितला. २०१८ मात्र निराश करून गेली. ते तिकडचं उष्ण आणि भरघोस पिकाचं साल, ताजेपणी गोंडस लागली असणार, आता मऊ पडली होती. म्हणजे २०१७ मोठी असून तरुण, धाकटी म्हातारी.

गिरगावकर, कंपूतल्या एकाला ताजीच सगळ्यात जास्त आवडली, आणि तोही चूक नव्हता. ज्याला करकरीतपणाच हवा त्याने ठेवू नये.

निवांत_पारलेकर
मुक्ताताई, हेच हवं होतं. या बाटल्या इतकी वर्षं ठेवल्या कुठे होत्या?

मुक्ता_ठाणे
जुन्या सालांच्या बाटल्या एका मित्राच्या पुण्यातल्या वाईन फ्रिजमध्ये. मुंबईत नाही. :)

टिवल्याबावल्या
पुणेकरांना आता हेही सांगायला मिळणार. मेलो.

चिंतू_मुलुंड
वाईन फ्रिजचा विषय निघालाच आहे तर मुंबईपुरतं एक सांगतो, पैसे वाचतील. ऑनलाइन मिळणारे स्वस्त आणि अगदी शांत फ्रिज बहुतेक थर्मोइलेक्ट्रिक असतात, आत कॉम्प्रेसर नसतो. ते भोवतालच्या तापमानापासून ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात. मे महिन्यात खोली तेहेतीस-चौतीसवर गेली की बारा-तेरा गाठताना त्यांची दमछाक होते, आणि रात्रंदिवस चालून बिल येतं ते वेगळं. मुंबईत कॉम्प्रेसरवालाच घ्या, जरा घरघरला तरी चालेल. भिंतीपासून मागे जागा सोडा, नाहीतर तोही धापा टाकतो.

वीज जाण्याची फार काळजी करू नका. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली होती आठवतंय? दार उघडलं नाही तर भरलेला फ्रिज काही तास सहज काढतो.

आजी_ऑनलाइन
घरातल्या साध्या फ्रिजमध्ये का नाही ठेवायची? आमच्या फ्रिजमध्ये मुलाची एक बाटली दोन दिवाळ्यांपासून कैरीच्या लोणच्याशेजारी उभी आहे. त्याला विचारलं तर म्हणतो, "राहू दे, मुरतेय."

रसायनी
आजी, काही महिने चालेल. चार-पाच अंशांवर वाईन जवळजवळ झोपून जाते, बिघडत नाही पण पुढेही सरकत नाही. बुचाची असेल तर कोरड्या हवेत बूच आकसतं, हा खरा धोका. स्क्रू कॅप असेल तर लोणच्याला शेजार लाभू द्या.

उलट बाजूचं गणित असं: दहा अंश वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम. तेरा अंशांच्या तळघराऐवजी तीस अंशांच्या कपाटात ठेवली तर वेग तिपटीच्या आसपास जातो. पण "म्हणजे पाच वर्षांचं काम पावणेदोन वर्षांत झालं" असा हिशेब कोणी मांडू नका. वेगवेगळ्या क्रिया वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात, बदाम-मध यायच्या आधी शिजलेल्या फळाचा वास येतो. घाईची शार्दोने आणि मुरलेली शार्दोने या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कोकमवाला
पावसाळ्याची दमट हवा बुचाला चांगली असते ना? मग आपण जून ते सप्टेंबर फ्रान्सच्या बरोबरीला.

चिंतू_मुलुंड
बुचाला चांगली, लेबलला नाही. बुरशी येऊन साल-बिल सगळं गायब होतं. बाटलीला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा आणि मानेवर मार्करने साल लिहा.

नाशिकचा_मळेवाला
आपल्या नाशिकचं कोणी नावच काढेना म्हणून लिहितोय. द्राक्षं माझी, पण वाईनची नाहीत, टेबलाची. तरी शेजारीपाजारी वाईनची आहेत.

आपल्याकडे पावसाळा संपता संपता छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. म्हणजे द्राक्ष हिवाळ्यात भरतं, रात्री गार मिळतात, पण पिकायच्या शेवटच्या आठवड्यांत दिवस तापायला लागलेले असतात. युरोपात उलट, तिथे शेवटाला हवा गार होत जाते. त्यामुळे आपल्याकडे शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्याँ ब्लांकचं जास्त जमलं, शार्दोने कमी. फ्रातेल्ली अकलूजला, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात, शार्दोने करतात आणि ती मी आवडीने पितो. दिंडोरीला शाँदाँच्या फेसाळ वाईनमध्येही शार्दोने असते, फेसाळसाठी द्राक्ष लवकर काढतात म्हणून आंबटपणा हाताला लागतो. पण या ठेवायच्या वाईन नाहीत असं मला वाटतं. ताज्या प्या, भरपूर प्या, आम्हाला बरं वाटेल.

अभ्या_बोरिवली
नाशिककरांना +१. आणि त्या भरपूर पिण्यासाठी त्या सुपरमार्केटात मिळायला हव्या होत्या. २०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने निर्णय घेतला होता, मोठ्या सुपरमार्केटात वेगळं कपाट वगैरे. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

खडूस_गिरगावकर
झालं ते बरंच झालं. किराणा घ्यायला गेलेल्या माणसाला...

अभ्या_बोरिवली
अहो गिरगावकर, मोहरीच्या शेजारी नव्हती ठेवणार कोणी! आणि तुम्हीच हजार रुपये भरून आजन्म परवाना काढल्याचं मागच्या धाग्यात मिरवत होतात.

खडूस_गिरगावकर
परवाना ही शिस्त आहे. किराणा हा संसार आहे. दोन्ही एका पिशवीत नकोत.

संपादक
सुपरमार्केटचा विषय धोरणाच्या धाग्यावर न्यावा. इथे शार्दोने.

दर्यावर्दी
पैशांचं कोणी बोललं नाही. "किमतीच्या मानाने" म्हणताय तर आयात कर डोळ्यांआड करून चालत नाही. परदेशी वाईनवर आपल्याकडे १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २९ डिसेंबर २०२२ला लागू झाला, त्यात ७५० मिलीच्या बाटलीची आयात किंमत पाच अमेरिकी डॉलरच्या वर असेल तर शुल्क लगेच १०० टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत ५०वर येणार. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटल्यांवर ते ७५ टक्क्यांवर आलं आणि पुढे २५पर्यंत उतरणार. राज्याचा कर वेगळा, दुकानदाराचा नफा वेगळा, त्यामुळे छापील किंमत त्याच प्रमाणात पडत नाही. पण पाच डॉलरच्या खालच्या बाटलीला काहीच सूट नाही हे लक्षात घ्या. अगदी स्वस्त ऑस्ट्रेलियन घेण्यापेक्षा एक पायरी वर जाण्यात शहाणपण आहे. यारा, अ‍ॅडलेड हिल्स, टास्मानिया नेमके त्याच पायरीवर असतात.

ड्यूटी फ्रीची मर्यादा माणशी दोन लिटर. म्हणजे दोन बाटल्या आणि अर्धा लिटर हळहळ.

टिवल्याबावल्या
बायकोला बरोबर न्या. दोघांचे मिळून चार लिटर, पाच बाटल्या. संसाराचे फायदे.

कोकमवाला
शाब्ली एवढी महाग का झाली हो मधल्या काळात? आधी आवाक्यात होती.

मुक्ता_ठाणे
२०२१च्या एप्रिलमध्ये कोवळ्या अंकुरांवर गोठलेलं दहिवर पडून पीक फार घटलं. तिकडे वेलींच्या रांगांमध्ये मेणबत्त्या पेटवतात, नाहीतर रात्रभर पाणी फवारतात, म्हणजे अंकुराभोवती बर्फाचं कवच होऊन आतलं तापमान शून्याच्या फार खाली जात नाही. तरीही त्या वर्षी हात टेकले. माल कमी, मागणी तेवढीच.

पण परवडणारी वाट आहे. ला शाब्लिझिएन ही तिथल्या उत्पादकांची सहकारी संस्था, १९२३ची, आपल्या साखर कारखान्यांसारखी: सभासद शेतकरी आणि एक मोठी वखार. शाब्लीच्या एकूण उत्पादनाचा साधारण चौथा हिस्सा तिच्याकडून येतो. त्यांची साधी शाब्ली मी डोळे झाकून घेते. पेती शाब्ली, म्हणजे साध्या शाब्लीच्याही खालची पायरी, मात्र ठेवण्यासाठी घेऊ नका, ती त्याच उन्हाळ्याची.

खडूस_गिरगावकर
सहकारी कारखाना असूनही वेळेवर पैसे देतात का शेतकऱ्यांना?

नाशिकचा_मळेवाला
गिरगावकर, या एका प्रश्नासाठी तुम्हाला दंडवत.

मुलुंडची_माई
तुम्ही सगळे पिण्याचंच बोलताय, ताटात काय आहे ते कोणीच विचारत नाही. मी सांगते.

ताजी, ओकशिवायची शाब्ली आणि कालवं. रत्नागिरीकडून कोणी आणली तर कच्ची नका खाऊ, नुसती परतून, लिंबू पिळून. तिसऱ्यांचं सुकं असेल तर खोबरं बेताने आणि तिखट त्याहून बेताने. बोंबील रव्यात कुरकुरीत तळलेले असले की बाटली कधी संपली कळत नाही. शाब्लीच्या त्या चुनखडीच्या मातीत म्हणे इवल्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, पंधरा कोटी वर्षांपूर्वीचे. मग तिला कालवं आवडणारच की.

जुनी, मुरलेली शार्दोने मात्र या पदार्थांबरोबर वाया जाते. तिला सोड्याची खिचडी द्या, वर साजूक तूप. सोड्यांचा तो खमंग वास आणि वाईनमधला भाजका बदाम यांचं असं काही जमतं की आमचे हे, जे एरवी वाईनला सरबत म्हणतात, त्यांनीही पेला पुढे केला. सोलकढी त्या जेवणात ठेवू नका. आंबटावर आंबट, दोन्ही हरतात.

रसायनी
माई, खिचडीला शंभर गुण, शिंपल्यांना शून्य. जीवाश्म मातीतून मुळांवाटे वर चढून पेल्यात खारट चव देत नाहीत. चुनखडीची माती पाण्याचा निचरा छान करते, खाली ओल धरून ठेवते, वेल फार माजत नाही, इतकंच म्हणता येईल. "मिनरल" चव हे बऱ्याच अंशी तीव्र आम्ल आणि काही गंधकी वास यांचं काम असावं.

मुलुंडची_माई
असू दे गं. मला शिंपले दिसतात, तू सामू बघ.

अभ्या_बोरिवली
गंधकी वासावरून आठवलं. एका ऑस्ट्रेलियन शार्दोनेत झाकण उघडल्या उघडल्या चक्क काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास आला. खराब होती का?

रसायनी
नाही, हल्ली मुद्दाम आणतात. ऑक्सिजन कमी लागू देऊन आणि गाळावर ठेवून केलेल्या वाईनमध्ये येतो. थोडा असला तर मजेदार, आणि पेल्यात वीसेक मिनिटांत उतरतो. १९९०च्या दशकात लोणी-व्हॅनिलाचा अतिरेक झाला, लोक "शार्दोने सोडून काहीही द्या" म्हणायला लागले, त्यानंतर ऑस्ट्रेलियावाले या दुसऱ्या टोकाला गेले. कुजक्या अंड्याचा वास आला आणि तो हलवूनही जात नसेल, तर तो दोषच.

निवांत_पारलेकर
मूळ तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ का? ताजी असताना कसं ओळखायचं?

दर्यावर्दी
माझी पद्धत सोपी आहे आणि जहाजावर दुसरं काही शक्यही नाही. बाटली उघडायची, एक पेला प्यायचा, झाकण लावून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक, तिसऱ्या दिवशी पुन्हा एक. जी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त बोलकी होते तिची भावंडं ठेवायची. जी रात्रीतच मान टाकते तिचा उरलेला साठा मित्रांना. पक्का नियम नाही, पण भविष्याचा अंदाज घ्यायला एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही.

चिंतू_मुलुंड
"रात्रीतच मान टाकते" म्हणजे आमच्या घरात कधी तपासताच येणार नाही. रात्री बाटलीच राहत नाही.

मुक्ता_ठाणे
दर्यावर्दींशी सहमत, फक्त एक भर घालते. चाखताना फार गार नको. फ्रिजमधून थेट पेल्यात ओतली तर सगळ्याच शार्दोने सारख्या लागतात, गार आणि आंबट. दहा-बारा अंशांना उघडतात. पुस्तकी सल्ला वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढायचा, मुंबईत मे महिन्यात दहा मिनिटंही पुष्कळ. घोट गिळल्यावर मनात आकडे मोजा. फळाची चव आधी विझली आणि आंबट-खारट मागे रेंगाळलं तर आशा आहे. ओकची व्हॅनिला शेवटपर्यंत एकटीच उरली तर आजच संपवा.

अल्कोहोलचा आकडाही बघा. साडेबारा-तेरा ठीक. थंड प्रदेशाचं नाव आणि साडेचौदा टक्के असं लेबल दिसलं की मी बाटली परत कपाटात ठेवते.

खडूस_गिरगावकर
काल रात्री मुद्दाम एक स्क्रू कॅपची अ‍ॅडलेड हिल्स उघडली, भाच्याने सिडनीहून आणलेली, कपाटात विसरलेली. २०१९ची. कपाट गिरगावातलं, एसी नाही.

रंग पिवळा पण तपकिरी नाही. वास... ठीक आहे, बदाम होता. थोडा मुरंब्याकडे झुकलेला. रसायनी म्हणतात तसा घाईचा. पण मेली नव्हती. सून म्हणाली छान आहे.

माझं मत बदललेलं नाही. दुसरी बाटली मात्र चिंतूच्या फ्रिजमध्ये ठेवायला पाठवतो आहे.

चिंतू_मुलुंड
पाठवा. भाडं एक पेला.

निवांत_पारलेकर
मी असं ठरवलंय: कॉम्प्रेसरवाला लहान फ्रिज, त्यात स्क्रू कॅपची यारा आणि लिमारी, आणि साध्या शाब्लीच्या थोड्या बाटल्या. दरवर्षी गणपती झाले की प्रत्येकातली एक उघडायची आणि इथे येऊन लिहायचं. अर्धी बाटली, म्हणजे ३७५ मिलीची, ठेवायला बरी का? तेवढीच जागा वाचेल.

रसायनी
अर्धी बाटली लवकर म्हातारी होते, वाईन कमी आणि आतली हवा जवळपास तेवढीच. चाचणीला उत्तम, साठवायला नको.

आजी_ऑनलाइन
मुलाने ती लोणच्याशेजारची बाटली अखेर बाहेर काढली. तळाशी काचेसारखे बारीक चकचकीत खडे दिसताहेत. त्याने ओतून टाकायला काढली आहे. सिंकपाशी उभा आहे, लवकर सांगा.

रसायनी
थांबवा त्याला! काच नाही, टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत, थंडीने खाली बसतात. अजिबात अपाय नाही. बाटली तासभर उभी ठेवा, सावकाश ओता, शेवटचा बोटभर भाग राहू द्या.

आजी_ऑनलाइन
थांबवला. साल २०२० आहे. माई, सोडे किती वेळ भिजवायचे?